आकडेमामा आणि सौहार्दपूर्ण संबंध

आकडेमामांनी मला एकदाही "धंदा कसा चाललाय?" असं विचारलं नाही. त्यांना पगार मिळायचा तो नेमका एवढंच विचारण्यासाठी. कारखान्यांतून किती माल निघतो, किती माणसं कामाला असतात, याची आकडेवारी गोळा करणारं जे सरकारी कार्यालय असतं, त्याचे ते कंत्राटी माणूस. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आम्हा छोट्या कारखानदारांकडून माहिती काढणं हे त्यांचं काम. ते यायचे, "बसतो जरा" म्हणायचे आणि बसायचे. समोर एखादा माणूस काहीही न मागता बसून राहिला, की चूक आपलीच असणार असं वाटायला लागतं. मला तर ते फारच लवकर वाटतं. थोड्या वेळानं मीच कपाट उघडून कागद पुढे करायचो.

पहिल्या वेळी मात्र मी लढलो होतो. वॉचमननं येऊन सांगितलं, "आकडेवाले मामा आलेत." मला वाटलं, मटक्याचा कुणीतरी असेल. सरकारी माणूस आहे हे कळल्यावर तर मटकेवाला परवडला असं झालं. "साहेब बाहेरगावी गेलेत म्हणून सांग," मी म्हणालो. मामा गेटजवळच्या लिंबाखाली बसले. वॉचमनच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी खाल्ली, त्याच्या गावाकडच्या पावसाची चौकशी केली. मी माझ्याच केबिनमध्ये कैदी. माझा डबा गाडीत, आणि गाडी त्याच लिंबाखाली. दुपार कलली तेव्हा भुकेनं मीच बाहेर आलो.

"या शेठ," मामा उठून उभे राहत म्हणाले. "कवा आलात गावाहून?"

मामांचे वडील अजिंठ्याकडे मेंढरं राखायचे. "मेंढरं किती हायत ते आमच्या बापानं सख्ख्या भावाला कधी सांगितलं नाय," मामा सांगायचे. "मोजली की नजर लागती म्हणायचा. आन् सरकारनं त्याच्याच पोराला मोजायला धाडलं." त्यामुळे आमच्या थापांचा त्यांना राग येत नसे. एकदा ते मला म्हणाले, "शेठ, बँकेला सांगता ते नको. कर खात्याला सांगता ते बी नको. वहिनींना सांगता ते सांगा."

"तिलाही खरं सांगत नाही हो मी."

"मग माझ्यासाठी नवंच काढावं लागंल," असं म्हणून ते पुन्हा बसले.

आणि मी सांगितलं. खोकी बनवणाऱ्या माझ्या तीन मशीनपैकी दोन बंद पडून होती, ऑर्डर नव्हत्या. हे मी बायकोला सांगितलं नव्हतं, भावांना सांगितलं नव्हतं. एका कंत्राटी माणसाला सांगून टाकलं आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पुढे कधीतरी वरच्या कार्यालयाला साक्षात्कार झाला, की माहिती देणाऱ्या उद्योगांशी 'सौहार्दपूर्ण संबंध' ठेवायला हवेत. मामांना एक तक्ता मिळाला. या महिन्यात किती संबंध निर्माण केले, किती टिकवले, किती दृढ केले, ते लिहायचं. मामा पेन घेऊन माझ्यासमोर बसले. "शेठ, आपले संबंध सौहार्दपूर्ण हायत का नुसतेच बरे? एकाच चौकटीत खूण करायचीय." मला एक आभारपत्रही आलं. वर 'आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आम्ही ऋणी आहोत', खाली बारीक अक्षरात 'माहिती न दिल्यास कारवाई करण्यात येईल'. कारखान्याचं नाव चुकलं होतं. मामांनी स्वतःच्या खर्चानं त्याला प्लास्टिकचं आवरण घालून आणलं होतं, त्यामुळे चूक दुरुस्तही करता येईना.

मग आमच्या मुलीसाठी स्थळ आलं. मुलगा चांगला होता. वडिलांचं वाळूजकडे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मुलीच्या मनात तो भरला होता, पण वर्कशॉप खरंच चालतंय की नुसता बोर्ड रंगवलाय, हे कसं कळणार? हे ज्याला नक्की ठाऊक होतं असा एकच माणूस शहरात होता, कारण वाळूजचे तक्तेही मामाच भरायचे. मी त्यांना पुंडलिकनगरला घरी जेवायला बोलावलं. बायकोनं पुरणपोळी केली. दुसरी पोळी वाढताना मी वर्कशॉपचं नाव घेतलं.

मामांचा हात थांबला. "शेठ, त्यांच्याकडचा चहा लई गोड असतो. एवढंच ठाऊक हाय मला."

"मामा, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे," बायको म्हणाली.

"वहिनी, त्यांनी मला सांगितलं ते सरकारला सांगितलं. पुरणपोळीला नाय." मग जरा हळू आवाजात म्हणाले, "पोरगं बघा. कारखान्याचं काय, आज हाय, उद्या नाय."

आम्ही नवरा-बायको आठवडाभर या वाक्याचा अर्थ लावत होतो. 'उद्या नाय' म्हणजे वर्कशॉप बुडतंय? पण मग मामांनी वर आणखी आमटी मागून घेतली, ती कशी? बुडत्या माणसाबद्दल बोलताना कुणी आमटी मागतं का?

त्याच आठवड्यात मामा कारखान्यात येऊन गेले. मी घुश्शात होतो. कागद टेबलावर आपटले आणि एक शब्द बोललो नाही. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला : आमच्या प्रतिनिधीशी झालेल्या भेटीचा अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या. आपलं नाव गोपनीय राहील. मी एक तारा दिला. शून्याची सोय नव्हती.

पुढच्या वेळी मामांऐवजी माहिती भरायची एक लिंक आली.

लग्न मात्र जमलं. मुलगीच म्हणाली, "बाबा, मला वर्कशॉपशी लग्न करायचं नाहीये." सुपारीच्या दिवशी व्याही आमच्याकडे बसले होते. चहा पिता पिता हसून म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. तुमच्या कारखान्याबद्दल आम्हीही त्या आकडेमामांना विचारलं होतं. मटण खाऊ घातलं. पण मामा ढिम्म!"

मामांनी एका घासाला एक शब्द जरी दिला असता, तरी हे स्थळ गेलं असतं, आणि माझ्या मुलीला कारणही कळलं नसतं. मला राहवलं नाही. "माझी दोन मशीन बंद आहेत," मी म्हणालो. आत स्वयंपाकघरात काहीतरी धाडकन पडलं. बायकोलाही हे नवीन होतं.

व्याह्यांनी कप खाली ठेवला. "हे आधी कळलं असतं तर आम्ही नाही म्हटलं असतं," ते म्हणाले.

"म्हणूनच सांगितलं नाही."

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि वर्कशॉपवरच्या कर्जाचं मला सविस्तर सांगितलं. खूप वर्षांत दोन कारखानदार एवढं खरं बोलले नसतील.

पत्रिका घेऊन मी पडेगावला मामांच्या घरी गेलो. ते अंगणात शेळीला पाला घालत होते. कंत्राट गेलं होतं. "तारे कमी पडले म्हणं," एवढंच म्हणाले. पत्रिका उघडून त्यांनी दोन्ही नावं वाचली आणि त्यांचा चेहरा फुलला. "वाळूजवाल्यांची बी पत्रिका आलीया. येतो. पण कुणाच्या बाजूनं आलो ते विचारायचं नाय."

त्या हसण्यानं मला धीर आला. "मामा, एक तारा मी दिला होता," मी म्हणालो.

मामा पत्रिकेची घडी घालत राहिले. घडी झाली तरी बोटं फिरतच होती.

"कुणी दिला ते हापिसानं मला सांगितलं नाय, शेठ," शेवटी ते म्हणाले. "मी विचारलं बी नाय. तुमचं नाव सगळ्यांनी झाकून ठेवलं होतं. तुम्हीच फोडलंत."

माफीचं वाक्य मी वाटेत जुळवून आणलं होतं.

"जाऊ द्या," मामा शेळीकडे वळत म्हणाले. "आता दुसऱ्या कुणाला सांगू नका."

आज हे सगळं तुम्हाला सांगून बसलो; तेवढंही माझ्याकडून पाळलं गेलं नाही.