सातवं नाव

अमेरिकेतल्या कॅरी गावात राहणाऱ्या मराठी माणसाला शनिवारी काय करायचं हा प्रश्न कधी पडत नाही. मुलांचे क्लास असतात, कुणाचे तरी आईवडील भारतातून आलेले असतात म्हणून कुठेतरी जेवण असतं, आणि उरलेल्या वेळात घरामागचं गवत कापायचं असतं. यातून वेळ काढून आम्ही पाच-सात जण दुसऱ्यांच्या शेतांत पुरलेलं गंजकं लोखंड शोधत फिरायचो. हे सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग हळूच विचारायचे, सोनं मिळालं का? सोनं कधीच मिळालं नाही. माझ्या खाती चार वर्षांत घोड्याच्या दोन नाला, काही पितळी बटणं, एक वाकडा चमचा आणि बिअरच्या कॅनची असंख्य झाकणं जमा आहेत.

हा छंद आम्हाला लावला तो एका काकांनी. ते भूल देणारे डॉक्टर, ऐन तारुण्यात नागपूरहून इथे आलेले. आता निवृत्त झाले होते आणि काकू गेल्यापासून एकटेच राहायचे. त्यांच्याकडे तीन मेटल डिटेक्टर होते. लांब दांडी, खाली ताटाएवढी तबकडी आणि कानाला हेडफोन, असं ते यंत्र. ते जमिनीलगत डावीकडून उजवीकडे फिरवत सावकाश चालायचं, खाली धातू असला की कानात वाजतं. कुठला आवाज लोखंडाचा आणि कुठला चांदीचा हे काकांना डोळे मिटून कळायचं. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग बघते, म्हणजे लोकांच्या चुका काढून पोट भरते, पण चांदी आणि कॅनचं झाकण यांतला फरक मला अजून कळत नाही.

इथे वाटेल तिथे खोदता येत नाही. सरकारी जागा आणि जुन्या लढायांची मैदानं तर वर्ज्यच. खाजगी जमीन लागते आणि मालकाची परवानगी लागते. परवानगी मिळवायची काकांची पद्धत म्हणजे पत्र. ईमेल नाही, फोन नाही, शाईच्या पेनाने लिहिलेलं दोन पानी पत्र. आमच्यापासून सव्वा तासावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं तंबाखूचं शेत आहे. त्या शेताच्या मागच्या अंगाला पूर्वी दोन कच्चे रस्ते मिळत आणि तिथे एक दुकान होतं, हे काकांनी जुन्या मोजणीच्या नकाशांवरून शोधून काढलं होतं. दुकान म्हणजे गिऱ्हाईक, गिऱ्हाईक म्हणजे सांडलेली नाणी आणि तुटलेली बटणं. काकांनी त्या शेतकऱ्याला तीन वर्षं पत्रं लिहिली. आधी उत्तर आलं नाही, मग एका वाक्याचं आलं, आणि पुढे दोघांचा चांगलाच पत्रव्यवहार सुरू झाला. शेवटी या वर्षी त्याने होकार दिला. नांगरट झाल्यावर आणि रोपं लावायच्या आधी, एप्रिलमधला एक शनिवार. तेवढाच.

काकांनाही तेवढाच होता. त्यांनी घर विकलं होतं आणि मे महिन्यात ते मुलीकडे टेक्ससला कायमचे जाणार होते. जाण्याआधी एकदा त्या दुकानाच्या जागेवर यंत्र फिरवायचं होतं त्यांना. असं ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण तीन वर्षं त्यांच्या तोंडी दुसरा विषयही नव्हता.

सहलीची आखणी माझ्याकडे आली. याद्या करणं मला आवडतं आणि इतरांना मी याद्या केलेल्या आवडतात. मी शेतकऱ्याला फोन केला. तो मोजकं बोलणारा माणूस निघाला. सहा माणसं, दोन गाड्या, मुलं नकोत, कुत्रे नकोत, सकाळी नऊच्या आधी नको. मी लिहून घेतलं, थँक्यू म्हटलं आणि ग्रुपवर टाकलं.

यानंतर जे झालं ते आपल्या लोकांचं कुठल्याही सहलीचं होतं तेच. पहिल्या दिवशी पाच नावं आली. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या जोडप्याने विचारलं की सासूसासरे आलेत, ते नुसते गाडीत बसतील, चालेल का? मग कुणाची तरी ऑफिसमधली मैत्रीण, कुणाचा तरी मेहुणा. आठवड्याभरात आकडा सतरावर गेला आणि काय खायचं यावर चर्चा सुरू झाली. इडली ठेवायची की पोहे, चहा थर्मासमध्ये न्यायचा की तिथे करायचा, चिवडा दोघांनी आणला तर एकाने चकली आणावी का? कुठल्या कोपऱ्यात खोदायचं यावर काकांनी नकाशाचा फोटो टाकला होता. त्याला तीन अंगठे मिळाले. चकलीच्या संदेशाला अकरा.

मी कात्री चालवली. सासूसासरे गेले, मैत्रीण गेली, मेहुणा गेला. थोडी नाराजी झाली, पण या बाबतीत माझी कातडी जाड आहे. तरी सात नावं उरली. सातही जणांकडे स्वतःची यंत्रं होती, सातही जण दर वेळी येणारे होते. मी ग्रुपवर लिहिलं: सात झालोय, सहाचीच परमिशन आहे, एकाने ड्रॉप व्हायला लागेल, बुधवारपर्यंत सांगा.

दोन दिवस कुणीही हूं की चूं केलं नाही. मीही माझं नाव काढलं नाही. आखणी मी करतेय म्हणजे मी तर जायलाच हवं, असं मी धरून चालले होते.

बुधवारी दुपारी काकांचा फोन आला. मी एका मीटिंगमधून दुसरीत चालले होते.

"काय करून राहिलीस? कामात आहेस का?"

"बोला ना काका. दोन मिनिटं आहेत."

"अगं, ते माझं नाव काढून टाक यादीतून. गुडघा कुरकुरतो, ढेकळांत कुठे चालणार मी? तुम्ही तरुण आहात, तुम्ही जा. माझे नकाशे पाहून झालेत, जाऊन आल्यासारखंच आहे ते."

"शुअर काका?"

"हो हो. शुअर."

"ओके. थँक्यू काका, माझं काम सोपं केलंत." मी मीटिंगला जाता जाता फोनवरच यादी उघडली आणि त्यांचं नाव काढलं. प्रश्न सुटला म्हणून मला हलकं वाटलं हे कबूल करते. ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकाने लिहिलं, "काका, यू आर द बेस्ट यार."

शनिवारी आम्ही सहा जण दोन गाड्यांतून नऊ वाजून पाच मिनिटांनी शेतावर पोचलो. हवा स्वच्छ होती. नांगरलेली लाल माती आणि कडेला तंबाखू वाळवायची जुनी लाकडी कोठारं. शेतकरी फाटकाशीच उभा होता, ऐंशीच्या पुढचा, उंच, टोपी घातलेला. त्याच्या शेजारी शेतात फिरायची एक छोटी उघडी गाडी होती. तिच्या पुढच्या सीटवर एक उशी ठेवली होती आणि पाय ठेवायला एक लाकडी खोका.

त्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "डॉक्टर कोणत्या गाडीत आहे?"

मी सांगितलं की त्यांचा गुडघा दुखतो म्हणून ते आले नाहीत.

"गुडघ्याचं मला माहीत आहे," तो म्हणाला. "त्याने लिहिलं होतं मला. ढेकळांतून चालता येणार नाही, पण तुमच्या गाडीत बसवून मागच्या कोपऱ्यापर्यंत न्याल का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, नेतो. काल ही गाडी धुतली."

मी म्हटलं की तुम्ही सहाच जणांना परवानगी दिली होती आणि आम्ही सात होत होतो.

"मी सहा म्हटलं ते पार्किंगपुरतं," तो म्हणाला. "इथे दोनच गाड्या मावतात. सातवा मागे बसला असता तर मला काय करायचं होतं? मला विचारायचंत."

मला विचारायचं सुचलंच नव्हतं. त्याने सहा म्हटलं, मी सहा लिहिलं. काकांनी नाही म्हटलं, मी नाव काढलं. वीस वर्षं या देशात नोकरी करून मी स्वतःला हेच शिकवलं होतं, आणि त्याचा मला चांगलाच अभिमान होता. जो जे म्हणतो ते त्याचं म्हणणं. माझ्या घरी कुणी दुसरी पोळी नको म्हणाला की मी पोळीचा डबा झाकून ठेवते. आई इथे आली होती तेव्हा तिने हे पाहिलं आणि तिला पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला म्हटलं होतं, अगं, त्यांना नकोय, त्यांनी स्वतः सांगितलं ना.

मला आता लख्ख दिसत होतं की काकांनी तो फोन केला तेव्हा ते नाही म्हणत नव्हते. ते जागा मोकळी करून देत होते, म्हणजे आम्ही ती त्यांना परत द्यावी. आमच्यापैकी कुणीही म्हणायला हवं होतं, काका, असं कसं, तुमच्याशिवाय कसली सहल, मीच नाही जात. मग ते आणखी एकदा नको म्हणाले असते, मग एकदा, आणि मग आले असते. नागपूरला हे कुणाला शिकवावं लागत नाही. मलाही कधीकाळी येत होतं.

बाकीचे पाच जण यंत्रं जोडत होते. पुण्याची बाई म्हणाली, "आता काय करणार? नेक्स्ट टाइम त्यांना घेऊन येऊ." तिला म्हटलं, पुढच्या वेळी ते टेक्ससला असतील आणि इथे तंबाखू असेल. मी गाडीची किल्ली घेतली. शेतकरी म्हणाला, "चारपर्यंत मी इथे आहे."

सव्वा तासाचा रस्ता मी तासाभरात काढला. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर नाही म्हणणं फार सोपं असतं, हे मला नुकतंच कळलं होतं.

काकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगात सदरा-लेंगा होता आणि हातात चिकटपट्टीचं रीळ. मागे हॉलभर खोकी. "अगं, तू इथे? कुणाला लागलं का?"

"कुणाला काही झालं नाही. तुम्हाला न्यायला आलेय. चला."

"मला? मी तर नाही म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत. मी ऐकायला नको होतं. चला काका, तो माणूस गाडी धुऊन उभा आहे तुमच्यासाठी. सीटवर उशी ठेवलीय."

त्यांनी चिकटपट्टीचं रीळ खाली ठेवलं. मग म्हणाले, "उशी पण ठेवली?" आणि आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं. मी मागोमाग गेले. मी म्हटलं, चहा राहू द्या, चला. ते म्हणाले, नको गं आता. मी म्हटलं, तुमच्याशिवाय कुणी तबकडी टेकवलेली नाही. हे खोटं होतं, आणि ते त्यांना कळलं, कारण ते हसले. मी म्हटलं, मी तिथे गाडीतच बसून राहते, माझी जागा घ्या. ते म्हणाले, नको.

त्यांनी दोन कप भरले आणि एका खोक्यावर ठेवले. कपाटात कप दोनच उरले होते.

"तुला खरं सांगू का," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, रोग्याला निदान सांगावं तसा स्वच्छ होता. "बुधवारी तू एकदा जरी म्हणाली असतीस ना, काका असं कसं, तरी मी आलो असतो. तुझ्याशी बोलून फोन ठेवल्यावर मी तासभर तिथेच बसलो होतो. म्हटलं, कामात आहे पोरगी, मीटिंग संपली की करेल. गुरुवारी वाटलं, कुणीतरी दुसरं करेल. शुक्रवारी संध्याकाळी मी तिन्ही यंत्रं त्या पलीकडच्या रस्त्यावरच्या निवृत्त मास्तरांना देऊन आलो. त्यांना हौस आहे."

"परत मागून आणते मी."

"दिलेली वस्तू परत मागतात का?"

"माझं यंत्र घ्या."

"नको."

मी चहा प्यायले. फार गोड केला होता, पाहुण्याला करतात तसा. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, अगं, चालायचंच, त्यात काय एवढं. मग शेवटचं म्हणून मी पुन्हा म्हटलं, "काका, उठा ना. तासाभरात पोचू. चारपर्यंत थांबलाय तो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि मान हलवली. "नको बेटा."

हा नकार खरा होता. तेवढं मला अजून ओळखता येत होतं.