मनकर्णाबाईंचं ऐकून घेतलं तेव्हा

तेलंगणातल्या इचोड्याच्या हायवेवर मनकर्णाबाईंचा ढाबा चालायचा तो ज्वारीच्या भाकरीवर आणि ठेच्यावर. ट्रकवाले जेवून उठताना ठेच्याची बाटलीही सोबत नेत. एका सकाळी पिठाचे पैसे द्यायला बाई बँकेत गेल्या, तर खातं गोठवलेलं. कर खात्यातल्या कुणा अधिकाऱ्याने बाटल्यांबरोबर ताटातलं जेवणही बंद पॅकिंगचा माल धरून जादा जीएसटी लावला होता. नोटीस संगणकावर, जीएसटीच्या पोर्टलवरच पडून होती. घरात ती कुणी पाहिलीच नव्हती.

तेव्हापासून बाईंचा पाय एका जागी ठरेना. आदिलाबादचे वकील सुधाकरराव यांनी हैदराबादला हायकोर्टात धाव घेतली. तारखा पडत गेल्या. तव्यावर भाकरी टाकून बाई रस्त्यापर्यंत जाऊन येत, तोवर ती करपे.

"काऊन येवढा घोर लावून घेतं वं?" नवरा मारोतराव म्हणत. "कोर्ट पाहीन ना."

"कोर्टाले माही चूल दिसते का?"

शेवटी सुधाकररावांचा फोन आला. "मावशी, आदेश रद्द झाला!"

मारोतरावांनी लगेच पेढे आणायला माणूस धाडला. बाईंनी विचारलं, "म्हंजे आमी जिकलो?"

"अजून नाही. तुमचं न ऐकता कर लावला, एवढं चूक ठरलं. खातं मोकळं होईल. पण अधिकारी तुमचं ऐकून पुन्हा ठरवतील."

"मंग पेढे कायचे?" बाई नवऱ्यावर खेकसल्या.

कर कचेरीतल्या सुनावणीला त्या अधिकाऱ्यासमोर खुर्चीच्या टोकावर बसल्या. वकील बोलणार, तोच हिंदी-मराठी कालवून त्याच बोलल्या, "साहेब, जेवन तो गरम है, लोकं बसून खातेत. बाटल्या मात्र आमी इकतो. त्याचा येगळा कर लागते, हे आमाले मालूम नव्हतं."

सुधाकररावांनी कपाळाला हात लावला.

नव्या आदेशात जेवणावरचा जादा कर सुटला. बाटल्यांवरचा कर दंडासकट लागला. बाईंनी तो भरला. ढाबा पूर्वीसारखा चालू लागला, बाईंची झोप मात्र उडाली ती उडालीच. आता रोज सकाळी हाताचं पीठ झटकत त्या सुनेला विचारतात, "मयूरी, पाह्य बरं, काई आलं का?"

"नाही, आत्या."

तरी त्या स्क्रीनवर वाकतात. इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवतात.

"मंग हे खाली काय लिवलं हाय?"