एकशे वीस व्होल्टचा शेक

आत्याच्या पायांना काही कळत नाही, हे मला चपलेतल्या खड्यामुळे समजलं. एका रविवारी ती विहारातून परत आली, दारात चपला काढल्या आणि स्वयंपाकघराकडे निघाली. तिच्यामागे फरशीवर रक्ताचे ठिपके उमटत गेले. मी ते दाखवले तेव्हा ती, ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी बघत राहिली. चपलेत खडीचा एक टोकदार तुकडा होता. विहारापासून घरापर्यंत ती त्याच्यावरून चालत आली होती.

"शुगर जुनी आहे, पाय झोपलेत," ती म्हणाली. "बरंय की. दुखत तर नाही."

इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्यावर मी नागपूरहून पुण्याला, कर्वेनगरला आत्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा, म्हणजे माझा दादा, कंपनीतर्फे अमेरिकेत ऑनसाइटला होता. घरात आम्ही दोघीच. मी कमी बोलायचे. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी वाक्य आधी मनात जुळवून बघायची सवय होती, आणि ते जुळेपर्यंत लोक पुढच्या विषयावर गेलेले असायचे. इंग्रजीत बोलावं तर आत्याच्या शेजारणी एकमेकींकडे बघायच्या. आत्या त्यांना सांगायची, "आमच्याकडे एक मुलगी राहते असं ऐकून आहे."

याच स्वभावामुळे पहिल्या वर्षी माझं बेसिक इलेक्ट्रिकल राहिलं. गणितं मला येत होती. पण ओरलला बाहेरून आलेल्या सरांनी, घरातले दिवे एकामागोमाग एक का जोडत नाहीत, एवढंच विचारलं. उत्तर सगळंच्या सगळं डोक्यात होतं, तोंड मात्र उघडलं नाही. सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं. ओरल पुन्हा द्यावी लागणार होती.

त्या डिसेंबरात दादा सुटीवर आला. बॅगेतून चॉकलेटं निघाली, अत्तरं निघाली, आणि सगळ्यात शेवटी मरून रंगाच्या मऊ कापडात शिवलेलं विजेवरचं शेकायचं पॅड. त्याला लांब वायर होती आणि वायरीच्या मध्ये एक छोटी डबी. डबीवर तीन खुणा: लो, मीडियम, हाय.

"पाय गार पडतात म्हणत होतीस ना फोनवर?" तो म्हणाला.

आत्याने पॅड गालाला लावून बघितलं. त्याची पिन चपट्या पात्यांची होती, आपल्या भिंतीतल्या गोल भोकांत न बसणारी. पण दादाकडे अडॅप्टर होता. त्यावर त्याचा लॅपटॉप आल्यापासून चालत होता. तोच त्याने पॅडला लावला, बटण लो वर ठेवलं आणि आत्याचे पाय त्यावर टेकवले.

"हात लावून बघ," तो मला म्हणाला. "दोन मिनिटांत तापलं. नाहीतर आपली रबरी पिशवी. गळते तरी, नाहीतर गार तरी पडते."

मी हात लावला. खरंच फार लवकर तापलं होतं. मला ते आवडलं नाही.

दादा जेवायला उठल्यावर मी डबी उलटी करून बघितली. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: एकशे वीस व्होल्ट, साठ वॅट. शेजारीच लॅपटॉपचा चार्जर पडला होता. त्याच्यावर शंभर ते दोनशे चाळीस असं होतं. म्हणजे चार्जर दोन्ही देशांत चालेल असा बनवलेला होता. पॅड तसं नव्हतं. आणि अडॅप्टर नुसता पिनांचा आकार बदलतो. भिंतीतून येणारा जोर तोच राहतो.

वर्तमानपत्राच्या कडेला मी गणित मांडलं. व्होल्टेज म्हणजे विजेला ढकलणारा जोर, करंट म्हणजे तारेतून वाहणारी वीज, रेझिस्टन्स म्हणजे तार तिला जितकं अडवते ते. एकशे वीसच्या जोराला या पॅडच्या तारेतून अर्धा अँपिअर जात असणार. जोर आणि करंट यांचा गुणाकार म्हणजे पॉवर, ती साठ वॅट. आता तार तीच, अडवणूक तीच, पण आपल्याकडे जोर दोनशे चाळीसचा, म्हणजे दुप्पट, म्हणून करंटही दुप्पट. दोन्ही दुप्पट झाले की गुणाकार चौपट होतो. साठ वॅटचं पॅड आत्याच्या पायाखाली दोनशे चाळीस वॅटचा शेक देणार होतं. लो वर जे काही कमी होत असेल, त्याचंही चौपट.

मी ते पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. मग मला वाटलं, असं असेल तर एव्हाना ते जळायला हवं होतं. आत काही आपोआप बंद होणारं बसवलं असेल. गणितात मी फक्त तार धरली होती, आत आणखी काय आहे ते मला माहीत नव्हतं. आणि हा नेमका माझा राहिलेला विषय होता.

तरी जेवताना मी वाक्य जुळवलं. "दादा, ते पॅड एकशे वीस व्होल्टचं आहे."

"म्हणून तर अडॅप्टर लावलाय."

"अडॅप्टर नुसत्या पिना बदलतो."

"मग लॅपटॉप कसा चालतोय?"

चार्जरचं वाक्य मी जुळवायला घेतलं. तेवढ्यात आत्या म्हणाली, "इलेक्ट्रिकल राहिलंय ते हिचंच ना?" ती हसली. त्यात वाईट काही नव्हतं, तिच्या रोजच्या बोलण्यातलंच ते होतं. दादाही हसला आणि त्याने माझ्या पानात आणखी एक भाकरी वाढली. माझं वाक्य राहून गेलं.

झोपायच्या आधी मी हळूच भिंतीवरचं बटण बंद केलं.

सकाळी कडाक्याची थंडी होती. मी अंघोळ करून बाहेर आले तेव्हा आत्या खुर्चीत पेपर वाचत बसली होती आणि तिचे पाय पॅडवर होते. बटण मीडियमवर होतं.

"आत्या, मीडियम का?"

"लो वर काही कळतच नाही गं."

पाय झोपले आहेत हे तीच म्हणाली होती. आता कळत नाही म्हणून ती उष्णता वाढवत होती, आणि अजून हाय बाकी होतं.

मी तिच्यासमोर फरशीवर बसले आणि तिची टाच जरा उचलून माझा तळहात खाली सरकवला. मला तो तिथे ठेवता आला नाही. खेचून घेतला तेव्हा तोंडातून ओरडा निघाला.

"काय झालं?"

"चटका बसला."

"इतकं?" आत्या पेपरावरून माझ्याकडे बघत होती. तिचा पाय तिथेच होता. "मला तर कोमटसुद्धा लागत नाहीये."

मी उठून बटण बंद केलं, पिन ओढून काढली, अडॅप्टरसकट. मग तिचा पाय उचलला. टाच लाल झाली होती आणि तिच्यावर पॅडच्या शिवणीच्या रेघा उमटल्या होत्या.

ओरडा ऐकून दादा आतून आला होता. मी त्याच्याशी बोलले. काय क्रमाने बोलले ते आठवत नाही, अर्धं इंग्रजीत होतं. चार्जरवरचा आकडा, पॅडवरचा आकडा, आणि चौपट, चौपट असं पुन्हा पुन्हा. त्याने डबी उलटी करून वाचली. तो मूळचा मेकॅनिकलचा, पण पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांनाच असतं.

"व्ही स्क्वेअर अपॉन आर," तो पॉवरचं सूत्र हळू म्हणाला. मग खाली बसून त्याने आईची टाच हातात घेतली. "आई, अगं सांगायचं नाही का?"

"काय सांगू?" आत्या म्हणाली. "मला कळलं तर सांगणार ना."

तो तसाच बुधवार पेठेत जायला निघाला, दोनशे चाळीसचे एकशे वीस करणारा ट्रान्सफॉर्मर आणायला. मलाही बरोबर घेतलं. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "किती वॅटचा?" दादा माझ्याकडे बघायला लागला.

"साठ," मी म्हणाले. "पण शंभरचा द्या."

"यांना माहितीये," दुकानदार दादाला म्हणाला. "मग आपण कशाला तसदी घेतलीत?"

ट्रान्सफॉर्मर विटेसारखा जड होता. तो कधी वापरलाच नाही. संध्याकाळपर्यंत टाचेला फोड आला आणि डॉक्टरांनी टाच बघून आत्याला सांगितलं, "पायाला शेक बंद. साठ वॅटचा नको आणि सहाचाही नको." घरी आल्यावर दादाने पॅड वायरीसकट उचललं. आत्या मात्र म्हणाली, "पॅड टाकायचं नाही हं. इतक्या लांबून आणलंय."

दादा परत गेला. फोड भरायला फार वेळ लागला. शुगरच्या पायाची जखम कशी चिघळते हे मी कॉलेजच्या लायब्ररीत वाचून आले आणि वाचलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. रोज घरी आल्यावर आधी टाच बघायची, मग दप्तर ठेवायचं. दादाचा फोन आला की आत्या रिसीव्हर माझ्याकडे द्यायची. "पाय कसे आहेत ते हिला विचार. मला काय विचारतोस?" मग मी सांगायचे. कडा कोरड्या आहेत. सूज नाही. आज थोडी लाल आहे. मोजकं बोलायचे, पण वाक्य जुळायची वाट बघत नव्हते.

अंघोळीच्या बादलीतलं पाणीही आता मीच बघायचे. गीझरचं पाणी हाताने बघून ठीक आहे म्हटल्याशिवाय आत्याने ते अंगावर घ्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं आणि तिने ते, का कोण जाणे, ऐकलं होतं.

राहिलेल्या ओरलच्या दिवशी मी जिन्यात पोचले होते. वरून तिची हाक आली.

"पाणी बघून जा गं!"

मी परत वर गेले. हात घातला. माझ्या हाताला पाणी ठीक होतं.

"कसं आहे?" आत्या दारात उभी राहून विचारत होती.

"थांब," मी म्हणाले आणि आणखी एक तांब्या गार पाणी ओतलं.