आत्याबाईंची चौखट

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नवरात्रात अंगात आलेल्या बाईला हळूच चिमटा काढून बघणारी मी. तरी हे लिहिते आहे... कारण मनातून जात नाही.

बालाघाटला, लालबर्र्याच्या रस्त्यावर आम्ही घर बांधत होतो. त्याच सुमारास कटंगीला माझ्या यजमानांच्या आत्याबाईंचं जुनं घर त्यांच्या मुलांनी दुकानं काढायला पाडलं. दाराची सागवानी चौखट भंगारात जाऊ नये म्हणून आत्याबाईंनी ती आम्हाला दिली. बैहरकडच्या जंगलातलं लाकूड, वाळवी शिवली नव्हती. त्यांनी एकच मागितलं, "चौखट बसवाच्या दिशी मले नेजो बेटा. डोयानं पाहीन."

यजमान "हौ" म्हणाले. पण सासूबाईंनी मोडता घातला. "चौखटीच्या पूजेले सवाशीनच पाह्यजे. ते बिचारी इधवा. अन तिचा पाय पाह्य कसा मोडला. वास्तूले आनू तिले." आत्याबाई खाटेला खिळलेल्या होत्या, कटंगीतच मुलीकडे. निमित्त आयतंच मिळालं. मी म्हणून बघितलं, पण सुनेचं कोण ऐकतं...

पूजेला सगळे बाहेर अंगणात, मी एकटी आतल्या बाजूनं चौखटीला हळद लावत होते. अक्षतांचं ताट हातून निसटलं. वाकून तांदूळ गोळा करत होते, तेवढ्यात मागून कोणीतरी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला. बोटं लागली – कोरडी, खरखरीत. जाऊबाई असेल म्हणून मी वळलेही नाही, कुंकू लावून मोकळी झाले. नंतर सहज विचारलं तर ती म्हणाली, "मी तं मिस्तरीले चाय देत होती. काहून?" मी विषय सोडून दिला.

आठवड्यानं प्रसाद घेऊन कटंगीला गेलो. तोंड कसं दाखवायचं, हीच चिंता. आत्याबाई रागावल्या नाहीत. मला जवळ बसवून म्हणाल्या, "तांदूळ लय सांडले व माय तुये."

अपशकुन म्हणतील म्हणून ताट सांडल्याचं मी यजमानांनाही सांगितलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? करंडा मीच तं देल्ला तुया हाती. तू मांग वळून पाह्यलंच नाही."

त्यांची मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या दिशी आई खाटेवरून हालली नाही वहिनी. मी जवळच होती."

मला रडू आवरेना. म्हटलं, आत्याबाई, आत्ताच जीप करतो, चला घर बघायला.

त्या हसल्या. "आता काहून? येऊन गेली ना मी. कोनी बस म्हनलं नाही, म्हनून परतली."

वास्तुशांतीच्या आधीच त्या गेल्या.

त्या दिवशी करंडा कोणी दिला, कसा दिला, याचा उलगडा मला आजही होत नाही. झाला तरी काय उपयोग? जिची चौखट, तिलाच आम्ही उभ्याउभ्या परत पाठवलं.