पद्मजाच्या खोलीचा गिलावा

पद्मजा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याच घरात होतो. म्हणजे कसबा बावड्याच्या पुढं, उसाच्या रानाला लागून तिनं स्वतःसाठी आणि आपल्या आईसाठी बांधायला काढलेल्या घरात, ज्यात ती अजून एकदाही राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिला तिथं आणायचं ठरलं होतं. वायरमन पंखा बसवत होता आणि पंखा पलंगाच्या बरोबर वर नको, जरा पायाकडं घे, यावरून मी त्याच्याशी हुज्जत घालत होतो. फोन तिच्या आईचा होता. आमचं सगळं ऑफिस त्यांना अव्वा म्हणतं, मीही म्हणतो. अव्वा एवढंच म्हणाल्या, "पद्मा गेली रे." मी "बरं" म्हणालो… असल्या वेळी माणूस काय बोलेल याचा नेम नसतो. फोन खिशात टाकला आणि वायरमनला पुन्हा सांगितलं, पायाकडं घे. पंखा बसवून झाल्यावरच मी खाली फरशीवर बसलो.

नंतर पेपरांत तिच्यावर बरंच काही छापून आलं. पर्यावरणाचा ध्यास घेतलेली वास्तुरचनाकार, मातीशी नातं सांगणारी, वगैरे. वाचून मला तिचं हसू ऐकू आल्यासारखं झालं, आणि मग रडू आलं. आमच्या ऑफिसात 'पर्यावरण' हा शब्द जो तोंडातून काढेल त्यानं सगळ्यांना भडंग खाऊ घालायचं, असा तिचा दंड होता. लोकांना असले शब्द ऐकवले की ते माना डोलावतात आणि घरी जाऊन काचेच्या भिंती बांधतात, असं तिचं म्हणणं. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, दुपारी पोळतोय का नाही, एवढंच ती गिऱ्हाइकाला विचारायची. हे मोठमोठे लेख लिहिणाऱ्यांना मी काही बोललो नाही, पण भडंगाचा हिशेब मनातल्या मनात चालू होता.

ती मूळची गडहिंग्लजची. घर जैन, थोडी शेती आणि बाजारात भुसारीचं दुकान. आम्ही पुण्याला एका वर्गात शिकलो. तिकडं पाच वर्षं काढूनही ती आपली आमच्याकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी जातो" असंच बोलायची. परत आल्यावर आम्ही दोघांनी शाहूपुरीत गुळाच्या एका जुन्या गोदामात ऑफिस थाटलं. गूळ कधीच गेला होता, पण वास भिंतीतच मुरलेला, आणि मुंगळ्यांनी आपला हक्क सोडला नव्हता. सकाळी टेबलावरचा नकाशा झटकल्याशिवाय कामाला सुरुवात होत नसे. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा तिच्या घरचा नियम, तो तिनं ऑफिसालाही लावला. उजेड संपला की काम संपलं. दिवे लावून कुणी बसायचं नाही. मोठ्या शहरातली गिऱ्हाइकं संध्याकाळी सातला फोन करून करून वैतागायची. मे महिन्यात आम्ही उजाडताच यायचो आणि ऊन तापलं की कुलूप लावून घरी. एसी न लावता चालणाऱ्या ऑफिसाचं कौतुक बघायला कॉलेजची पोरं यायची, तेव्हा ती त्यांना सांगायची, यात कसलं आलंय तत्त्वज्ञान, आमच्या अव्वानं शिस्त लावलीय. बुधवारी आम्ही बाकीचे तांबडा रस्सा ओरपून यायचो. मग ती दार लावून घ्यायची आणि बडीशेप चघळल्याशिवाय कुणाला आत घेत नसे.

आमच्या कामाची एक रीत मात्र आख्ख्या गावात चेष्टेचा विषय होती. घर पूर्ण झालं की मालकाला किल्ली देण्याआधी पद्मजा त्या घरात एक रात्र मुक्काम करायची. एक सतरंजी, पाण्याची बाटली आणि ती. वारा कुठून येतो, कुठल्या खिडकीची कडी वाजते, पहाटे उशाला गारठा लागतो का, हे राहिल्याशिवाय कळत नाही, असं तिचं ठाम मत. सकाळी ती सांगेल ते दुरुस्त व्हायचं आणि मगच किल्ली. पन्हाळ्याच्या रस्त्याला एका घरी म्हाताऱ्या मालकीणबाई हटून बसल्या. वास्तुशांत व्हायच्या आधी परकी बाई घरात झोपणार म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. पद्मजानं वाद घातला नाही. तुम्हीही या की सोबतीला, म्हणाली. त्या खरंच वळकटी घेऊन आल्या, आणि सकाळी मालकीणबाईंची तक्रारींची यादी पद्मजाच्या यादीपेक्षा लांब निघाली. मला त्या दिवशी ते सगळं पुन्हा करून द्यावं लागलं. पुढं त्या बाई तिला दर दिवाळीला फराळ पाठवायच्या.

इतक्या लोकांच्या घरात सगळ्यात आधी झोपलेली ही बाई स्वतः मात्र भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिली. स्वतःचं घर करायचं मनावर घेतलं तेव्हा पन्नाशी उलटली होती. मातीच्या विटा तिथल्याच जागेवर पाडल्या, आणि आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा द्यायचा ठरलं. चुन्याला घाई चालत नाही. एक थर द्यायचा, तो ओलसर ठेवत सावकाश सुकू द्यायचा, मग दुसरा. हे शिकवण्यात तिनं जन्म घातला. घराच्या भिंती छतापर्यंत पोचल्या आणि तिच्या फुप्फुसाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. तिला एकच हवं होतं, आपल्या घरात एक मुक्काम. आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की ओल असलेल्या खोलीत तिला अजिबात न्यायचं नाही. त्यात पाऊस थांबायचं नाव घेईना. मी रोज सकाळी जाऊन तिच्या खोलीच्या भिंतीला तळहात लावायचो. चुन्याचा पहिलाच थर अजून गार, दमट लागायचा. मला त्या भिंतीचा इतका राग येई की लाथ घालावीशी वाटे… पण भिंतीनं काय करावं? खोलीत शेगडी पेटवून बघितली, पंखे लावून बघितले. ओल काही हटली नाही. फ्लॅटवर जाऊन तिला सांगायचो, वाळतेय. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघायची.

एक दिवस दुपारी अव्वा तिला पेज भरवत होत्या. मी शेजारी बसलो होतो. घास बाजूला सारून ती म्हणाली, "मिल्या, सिमेंट मार."

मग ती सावकाश, दम खात बोलली. एकाच खोलीला, बाकीचं घर ठरल्याप्रमाणं होऊ दे. चुना खरवडून काढा, सिमेंट मारा आणि पाणी मारत बसू नका. मी म्हणालो, मातीच्या भिंतीवर सिमेंट धरत नाही. मातीची भिंत आतली ओल बाहेर सोडत असते, सिमेंट तिला वाट देत नाही, मग ओल आत साठते आणि गिलावा सुटून येतो. हे तिनंच मला शिकवलं होतं आणि मी ते तिलाच सांगत बसलो होतो.

"किती दिवस धरंल?" तिनं विचारलं.

"सहा महिने. फार तर वर्ष."

"मग बास की. मला कुठं तेवढं लागतंय."

अव्वांनी पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि त्या आत निघून गेल्या.

आमच्याकडं सुरुवातीपासून गवंडीकाम करणारे आण्णा सिमेंटची पोती बघून दोनदा मला विचारून गेले, बाईंनी सांगितलंय ना, का तुम्हीच? बाईंनीच, म्हटल्यावर त्यांनी थापी उचलली. ऑफिसातली सगळी माणसं त्या दिवशी साइटवर आली होती, बोलवलेलं नसताना. पोरींनी वाळू चाळली, मी घमेली उचलून दिली. जी गोष्ट करणार नाही म्हणून गिऱ्हाइकांशी भांडलो, कामं सोडली, ती आम्ही आपल्या हातांनी करत होतो आणि एकाच्याही मनात ती करू नये असं आलं नाही. गिलावा भराभर वाळला. वरून अगदी कोरडा. तिला फोनवर भिंत दाखवली तर तिनं मला भिंतीला गाल लावून उभं राहायला लावलं आणि विचारलं, गार लागतंय? नाही, म्हणालो, आणि ते खरं होतं. अव्वांनी दिवस ठरवला. पुढचं सांगितलंच आहे.

काही दिवसांनी अव्वांनी भाड्याचा फ्लॅट सोडला आणि त्या बावड्याच्या घरी एकट्या राहायला आल्या. आता बाकीच्या घराला चुन्याचे सगळे थर चढलेत आणि घर छान निवलंय. तिच्या खोलीची भिंत मात्र बोटानं ठोकली की पोकळ वाजते, आणि दर रविवारी मी जातो तेव्हा ती पोकळी थोडी वाढलेली असते. ऑफिसात सगळ्यांचं एकच मत पडलं, आताच सगळं काढून चुना करून घेऊ. तीही हेच म्हणाली असती. मी अव्वांपाशी विषय काढला. त्या म्हणाल्या, "तिनं सांगितलेलं हाय ते. तसंच ऱ्हाऊ दे."

परवा गेलो तेव्हा खिडकीखालचा ताटाएवढा गिलावा गळून पडला होता आणि आतली माती उघडी पडली होती. अव्वांनी तुकडे केरात टाकले नव्हते. एका परातीत गोळा करून ती परात पलंगावर, उशीपाशी ठेवली होती. लहानसहान चुरासुद्धा वेचलेला होता. मी दारात उभा राहिलो.

"मिलिंदा, हे परत चिकटवता येतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी आत गेलो आणि परात उचलून घेतली. जड होती.

"येतंय की अव्वा," म्हणालो, "उद्या आण्णांना घेऊन येतो."