कुजबुजमास्तरांचा पाहुणा

आमच्या नाटक कंपनीत सगळ्यांचा सगळ्यांवर विश्वास होता, असं मी म्हणणार नाही. पण ज्याचा कुणावरच नव्हता, असा माणूस एकच: विंगेत स्टुलावर बसून आम्हाला वाक्यं पुरवणारे प्रॉम्प्टर. त्यांना आम्ही कुजबुजमास्तर म्हणायचो. मी राणीच्या वेशात उभी राहून भरलं थिएटर रडवत असायची आणि डाव्या विंगेतून त्यांचे डोळे माझ्यावर रोखलेले असायचे. ही आता विसरणार. पडदा पडला की चेहऱ्यावर ठरलेला भाव: आज निभावलंस, उद्या बघू.

तरी सांगते, एकदा दुसऱ्या अंकात माझी पाटी खरोखरच कोरी झाली, तेव्हा त्यांनी नेमका पहिला शब्द दिला. फक्त पहिला. पुढचं अख्खं स्वगत आपसूक ओठांवर आलं. त्या एका शब्दासाठी मी त्यांच्या सगळ्या शंका माफ केल्या आहेत.

आता ते आणि वहिनी मुलाकडे राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. नात वसतिगृहात गेली आणि जाताना आपली जर्बिलांची जोडी आजोबांच्या हवाली करून गेली. जर्बिल म्हणजे मुठीत मावेल एवढा, शेपटीला झुपका असलेला, उंदराचा वाळवंटी चुलतभाऊ. त्यातला एक मेला. मागे राहिलेला करडा ‘म्हातारा’ कोपऱ्यात तोंड खुपसून बसू लागला, दाण्याला शिवेना. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, याला सोबत हवी, नाहीतर हाही झुरून जाईल.

सोबत मिळाली. शेजारचं कुटुंब घर बदलत होतं, त्यांनी आपला तपकिरी जर्बिल देऊन टाकला. तो ‘पाहुणा’.

पण दोन अनोळखी जर्बिलांना एकत्र सोडलं तर ते एकमेकांच्या नरडीचा घोट घेतात. म्हणून काचेच्या पेटीत मधोमध जाळी, दोन्हीकडे एकेक लाकडी खोकं झोपायला, दोन्ही अगदी सारखी. रोज खोक्यांची अदलाबदल करायची, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याच्या वासात झोपायची सवय होते. दोघं जाळीला पाठ टेकून शांत झोपू लागले की जाळी काढायची.

आठवडे लोटले, पण शांतता काही येईना. पाहुणा जाळीशी आला की म्हातारा मागचे पाय आपटून धोक्याची थाप द्यायचा. मास्तरांना ती भाषा लगेच पटली. मला बाजूला घेऊन त्यांनी एकेकाचा पंचनामा केला. पाहुणा मुळातला खुनशी आहे, शेजाऱ्यांनी उगाच नाही दिला. सूनबाई पेटीजवळ मुद्दाम काहीतरी फवारते, तिला दोन्ही नकोच आहेत. मुलगा दाणे परस्पर बदलतो. मी म्हटलं, आता माझं नाव तेवढं राहिलंय. तर म्हणाले, तुमचं अत्तर मला जिन्यात येतं, त्यांना काय येत नसेल?

शेवटी त्यांनी ठरवलं, पाहुण्याला द्यायचं. एका शाळेतली बाई वर्गात ठेवायला न्यायला तयार होती, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. वर्गभर पोरं काचेवर टकटक करणार, आणि इकडे म्हातारा पुन्हा एकटा. मला ते सहन होईना. त्या दिवशी अत्तर न लावता सकाळीच तिथे जाऊन बसले.

वहिनी फिरायला गेल्या होत्या. मास्तरांनी हातमोजे चढवले आणि मुकुट उचलावा तशी दोन्ही खोकी उचलून अलगद अदलाबदल केली. शेवटचं, म्हणाले.

जेवणं झाली, मास्तर आत आडवे झाले. मी खुर्चीत डुलक्या घेत होते. तेवढ्यात वहिनी पाय न वाजवता आल्या, झाकण उघडलं आणि दोन्ही खोकी उचलून परत होती तशी ठेवली. मला जागी पाहून ओठांवर बोट ठेवलं.

“त्यांना सांगू नका हं,” त्या हळूच म्हणाल्या. “हल्ली विसरतात. मीच रोज बदलते.”

सकाळी हे बदलत होते, दुपारी त्या. दोन्ही प्राणी रोज रात्री आपापल्याच वासात झोपत होते. त्यांची ओळख व्हायची कशी?

आता हे सांगायचं कसं? जन्मभर दुसऱ्यांच्या विसरण्यावर नजर ठेवणाऱ्या माणसाला, बायको तुमच्यावर तीच नजर ठेवून आहे, हे भाषण ठोकून सांगता येत नाही. मास्तर उठून पेटीपाशी बसले, तेव्हा मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि त्यांच्याच पद्धतीने, ओठ न हलवता म्हटलं, “दुपारी वहिनी… खोकी.”

त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्वयंपाकघराकडे.

“अगं, तूपण बदलतेस?”

वहिनी दारात आल्या. “तुम्ही विसरता म्हणून.”

“मी सकाळी बदलतो. तू फिरायला जातेस तेव्हा.”

“मला काय माहीत? तुम्ही कधी कुणाला काही सांगता का?”

पेटीत म्हाताऱ्याने एक थाप दिली. वहिनींना हसू फुटलं, मास्तरांना नाही. त्यांनी शाळेच्या बाईंना फोन करून येऊ नका म्हणून कळवलं, मग खिशातले हातमोजे काढून वहिनींपुढे धरले. उद्यापासून तू बदलायची, म्हणाले. मी बघेन फक्त.

जाळी निघाली त्या दिवशी मला खास बोलावणं होतं. मास्तर हातमोजे घालून, भांडले तर मध्ये सरकवायला पुठ्ठा धरून बसले होते, जसे पूर्वी विंगेत बसायचे. दोघांनी एकमेकांना हुंगलं. पाहुण्याने मान खाली घातली, म्हाताऱ्याने त्याचा कान चाटला. मग दोघं एकामागोमाग एकाच खोक्यात शिरले. मी टाळी वाजवणार होते, पण मास्तरांनी डोळे वटारले.

वहिनींनी रिकामं खोकं बाहेर काढलं. “हे आता धुऊन टाकू ना?”

धुतलं की वास जाणार. पुन्हा भांडले तर सगळं पहिल्यापासून. मास्तरांनी खोकं वहिनींच्या हातून घेऊन पेटीशेजारी ठेवलं.

“आज राहू दे,” ते म्हणाले. “उद्या धू.”