वझलवार सरांचा मधू बोलत नव्हता तेव्हा

मास्तरकीचं ट्रेनिंग संपवून बाहेर पडलो तेव्हा हातात सर्टिफिकेट एकच होतं. किस्से मात्र इतके की आजही दोन जुने मास्तर भेटले तर चहा थंड होतो आणि निम्मे सांगायचे राहूनच जातात. त्यातले बरेचसे आमच्या वझलवार सरांचे.

स्वातंत्र्यानंतरची चार-सहा वर्षं झाली असतील. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी. सर नागपूरहून आमच्या ट्रेनिंग स्कूलवर बालमानसशास्त्र शिकवायला आले. खेड्यातली मुलं कशी वाढतात, यावर त्यांचा प्रबंधही चालू होता. मी आमगावकडचा. सरांना खेड्यातली बोली कळेना, म्हणून त्यांच्या सायकलमागे दुभाष्याची माझी सायकल.

सगळं छान चाललं होतं, एक सोडून. सरांचा मधू अडीच वर्षांचा होऊन गेला तरी बोलत नव्हता. कान ठीक, समज ठीक, हाक मारली की धावत यायचा. पण तोंडातून शब्द नाही! कितव्या महिन्यात मूल काय बोलतं, याचा तक्ता सर आम्हाला फळ्यावर काढून द्यायचे आणि घरी वहिनी देव पाण्यात ठेवून बसलेल्या.

वहिनी मधूला "काऊ म्हण, चिऊ म्हण" करायला लागल्या की सर म्हणायचे, "शिकवायचं नाही! नैसर्गिक वाढ बिघडते. आपण फक्त बघायचं."

मला सरांचा भयंकर राग यायचा. पण प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात होते.

*

प्रबंधाला पहिली गरज वयाची. सरांना वय महिन्यासकट हवं असायचं. एका गावात एक बाई परसात धान पाखडत होती, शेजारी तिचा पोरगा. सरांनी नमस्कार करून विचारलं, "बाई, याचं वय काय?"

बाईनं सूप खाली ठेवलं. पोराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "कायसाठी पायजे गा? शाळेत टाकासाठी, का रेलच्या टिकिटासाठी?"

सरांनी मला विचारलं, "काय म्हणतात त्या?"

मी म्हटलं, "सर, दोन वयं आहेत. कुठलं लिहू?"

*

मग पाण्याचा प्रयोग. दोन सारखे पेले, दोन्हीत सारखं पाणी. मुलाला दाखवायचं. नंतर एका पेल्यातलं पाणी पसरट ताटलीत ओतायचं आणि विचारायचं, आता कुठं जास्त? लहान मुलं फसतात, मोठी फसत नाहीत. कोणत्या वयात फसायचं थांबतात, तेच सरांना शोधायचं होतं.

सोमा नावाचा पोरगा आला. सरांनी पाणी ओतलं आणि विचारलं, "कुठं जास्त?"

"सारखंच हाय," सोमा फाडकन म्हणाला.

सर खूश. पण उत्तर पक्कं आहे का, ते तपासायचा नियम होता. म्हणून पुन्हा विचारलं, "नीट बघून सांग. कुठं जास्त?"

सोमाचा चेहरा पडला. "पेल्यात जास्त."

सरांनी आणखी एकदा विचारलं. "मंग ताटलीत जास्त," सोमा रडकुंडीला येऊन म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "अरे, पहिलं बरोबर होतं ना! मग बदललं काऊन?"

"मंग त्यायनं पुन्हा काऊन इचारलं?" सोमा म्हणाला. "बरोबर आलं तर गुरुजी दुसऱ्यांदा इचारतेत का कवा?"

मी हे सरांना सांगितलं. नंतर त्यांनी त्या गावचे सगळे निकाल रद्द केले, हे मात्र मानलं पाहिजे!

*

सरांची दुसरी पद्धत म्हणजे तीच मुलं दर वर्षी मोजायची. उंची, वजन, समज. एका गावात दुसऱ्या वर्षी गेलो. जनार्दन नावाचा पोरगा भिंतीशी उभा केला, टेप लावली, आणि सर दचकले. पोरगा वर्षभरात चांगला तीन बोटं बुटका झाला होता!

सरांनी टेप बदलली, भिंत बदलली. पोरगा बुटकाच. "कुपोषण असेल का?" ते मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, कुपोषणानं माणूस वाळतो सर, आखडत नाही.

शेवटी त्याच्या आज्याला विचारलं. आजा मोकळेपणानं म्हणाला, "जनार्दन त मामाच्या गावी गेला नं जी. हा त्याच्या काकाचा पोट्टा. तुमी एवढ्या उन्हात सायकल हाणत आले, तुमाले खाली हातानं कसं धाडाचं?"

*

निरीक्षणाचं तर विचारूच नका. मुलांना कळू न देता त्यांचा खेळ पाहायचा, म्हणजे तो खरा खेळ. सर आठवडाभर सराव-शाळेच्या मैदानात पळसाच्या झाडामागे कागद घेऊन बसत होते. मुलं इकडे ढुंकून पाहत नव्हती. सरांना वाटलं, जमलं!

पुढच्या सोमवारी आम्ही जरा उशिरा पोचलो. पाहतो तर पळसामागे एक पोरगी पाटी घेऊन उकिडवी बसलेली, आणि बाकीची मुलं तिला पाठ करून खेळताहेत.

"हा कुठला खेळ?" मी विचारलं.

"लपाछपी," एकजण म्हणाला. "पण लपला त्याले कोणी धुंडाचं नाही."

*

एक किस्सा मात्र हसण्यासारखा नाही. वर्गात अनुवंश आणि परिस्थिती चालू होतं. मूल घडतं ते रक्तानं की संगोपनानं? आमच्यातला पटले नावाचा एकजण उठला. तिरोड्याकडचा, स्वभावानं सरळ.

"सर, म्हणजे पोरगं हुशार निघालं तर घराण्याचं, आणि नाही निघालं तर मास्तरचं. बरोबर?"

वर्ग हसला. सरही हसले.

"पण सर, बापच मास्तर असला तर?"

पटलेचे वडील मास्तर होते. तो बिचारा स्वतःबद्दलच विचारत होता. मधूचं त्याला काहीच माहीत नव्हतं.

सरांनी खडू खाली ठेवला. "तास संपला," म्हणाले. तास निम्मासुद्धा झाला नव्हता. त्या दिवशी प्रथमच माझा सरांवरचा राग गेला आणि वाईट वाटलं.

*

आता एका रविवारचं सांगतो. सरांनी मधूची रोजनिशी ठेवली होती, जन्मल्या दिवसापासूनची. बापानं स्वतःच्या मुलाची अशी नोंद ठेवणं ही त्यांच्या शास्त्रातली फार जुनी पद्धत. पद्धत सरांची आणि अक्षर वहिनींचं. सर मधूवरची नजर हलवायचे नाहीत, नुसतं ओरडायचे, "लिही!" मधू रांगला, लिही! मधूनं माती खाल्ली, लिही! वहिनी हातातली पोळी तव्यावर टाकून धावत यायच्या. घरात दिवसभर दुसरा शब्द नव्हता म्हटलं तरी चालेल.

मी तक्ते उतरवून घ्यायला गेलो होतो. सर ओट्यासमोर खुर्चीत बसलेले. मधू ओट्याच्या कडेकडेनं चालत होता. वहिनी दारातून म्हणाल्या, "अहो, पडेल तो. धरा ना!"

"थांब. तोल कसा सावरतो ते बघू दे," सर म्हणाले.

मधूनं तोल सावरला नाही. तोंडघशी खाली आला. कपाळाला खोक पडली, रक्त आलं. मी उठलो, वहिनी धावल्या. सरसुद्धा खुर्चीतून अर्धे उठले होते.

मधू आपला आपण बसता झाला. ओठ थरथरत होते, पण रडला नाही. त्यानं बापाकडे पाहिलं, बोट उगारलं आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला,

"लिही!"

मग वहिनींनी मधूला उचललं, पदर त्याच्या कपाळावर दाबला, आणि रोजनिशीची पेन्सिल सरांच्या हातात ठेवली.

"तुम्हाला म्हणतोय तो," म्हणाल्या, आणि त्याला घेऊन आत गेल्या.